विळी आणि तलवार

दिवाळीच्या सुट्टीत प्राध्यापकाने काय वाचावे याला काही धरबंध नसतो. यंदा माझ्या हाती एका जपानी भिक्षूचे जुने पत्र लागले होते. ते अर्धे वाचून होते न होते तोच सौ.ने चिवड्यासाठी सुक्या खोबऱ्याचे काप करायला मला विळीवर बसवले. पात्यावरची नजर न हलवता मी चार काप केले आणि पाचव्याला बोट कापून घेतले. वर हळदीची चिमूट दाबीत सौ. म्हणाली, "अहो, पात्याकडेच बघत बसलात, म्हणून कापलं!" मग शेजारच्या काकूंशी गप्पा मारीत तिने उरलेली वाटी कागदासारखी पातळ कापून टाकली.

गंमत अशी, की पत्रातला मजकूर नेमका हाच होता!

पत्र ताकुआन सोहोचे. (जपानात मुळ्याच्या एका लोणच्यालाही त्याचे नाव आहे.) हा झेन पंथाचा भिक्षू १५७३ साली जन्मला. शोगुनच्या, म्हणजे देशाच्या खऱ्या सत्ताधीशाच्या, सरकारने मठांच्या कारभारात हात घातला तेव्हा त्याने विरोध केला आणि १६२९ मध्ये हद्दपारी पत्करली. पत्र ज्याला लिहिले तो याग्यू मुनेनोरी मात्र शोगुनचाच तलवारीचा गुरू.

ताकुआन सांगतो, समोरच्याच्या तलवारीवर मन ठेवाल, तर ती तलवार ते पकडून ठेवील. आपल्या तलवारीवर ठेवाल, तर आपली पकडील. मग ठेवायचे कुठे? कुठेच नाही. बांधून घातले नाही म्हणजे ते सर्वांगात भरून राहते. हाताला लागेल तेव्हा हातात, पायाला लागेल तेव्हा पायात. सहस्रभुज अवलोकितेश्वराचे मन धनुष्य धरलेल्या एका हाताशी अडले, तर बाकीचे नऊशे नव्याण्णव हात निकामी!

अशा मनाचे दैवत म्हणून तो 'फुदो'कडे बोट दाखवतो. हा फुदो म्हणजे संस्कृतातला 'अचल'. आणि 'झेन' तरी काय, आपल्याच 'ध्याना'चे चीनमार्गे तिकडे पोचलेले रूप. पण अचल म्हणजे दगडासारखे नव्हे. सगळीकडे फिरणारे आणि कुठेही न अडणारे मन ते अचल. माझे काय होते, तर वर्गाच्या दाराशी कोणी येऊन उभे राहिले की चालू वाक्याचे क्रियापदच सापडत नाही.

इथवर मी खूष होतो. मग शंका आली. न अडखळता मारायला शिकवणारी विद्या ही साधना कशी? शंका पुस्तकी नाही. १९३० नंतरच्या युद्धांत अनेक झेन आचार्यांनी हीच भाषा सैनिकांसाठी वापरली. 'मी'च उरला नाही तर मारणारा कोण, असा तो युक्तिवाद. त्याचे बीज ताकुआनच्या पत्रातही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मला तो पटत नाही. मारणारा नसेल उरला, पण मेलेला माणूस समोर पडलेला असतोच की!

या शंकेने पत्र मिटून ठेवणार होतो, पण शेवट राहिला होता. तिथे तलवार बाजूलाच राहते आणि ताकुआन मुनेनोरीला चक्क झाडतो. तुम्ही सरदारांकडून नजराणे घेता, आवडत्यांना झुकते माप देता, नाचाची हौस एवढी की सरदारांपुढे स्वतःच नाचून दाखवता. मुलाचे वर्तन ठीक नाही. पण त्याला बोल लावण्याआधी स्वतः सरळ व्हा. शोगुनच्या गुरूला, तलवारीच्या विद्येवरच्याच पत्रात, हे लिहिले आहे. पात्याशी अडणारे मन आणि नजराण्याच्या तबकाशी अडणारे मन त्याला वेगळे दिसले नाही. सैनिकांना उपदेश करणाऱ्यांनी पत्राचा हा भाग कितीसा वाचला असेल?

एवढे सगळे मी सौ.ला वाचून दाखवले. सकाळीच अभ्यासावरून चिरंजीवांवर माझा आवाज चढला होता. खोबरे परतता परतता ती म्हणाली, "ते मुलाबद्दलचं वाक्य जरा पुन्हा वाचा बघू."