तिऱ्हाइताचा विमा

मोटारसायकलवरून नेपाळ-भूतान गाठणारे, जमल्यास थेट लंडनपर्यंत मजल मारणारे तरुण-तरुणी आता पुण्या-मुंबईत दुर्मिळ राहिलेले नाहीत. त्यांच्या तयारीच्या याद्या मी कौतुकाने वाचतो. टायर, साखळी, व्हिसा, सगळे काही असते. विमा मात्र शेवटी, ‘तो काय, काढून टाकू’ अशा थाटात येतो.

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला इथे थोडे थांबावेसे वाटते. ‘कार्ने’ हाती आले की झाले, असा एक समज आहे. पण कार्ने ही गाडी परत नेण्याची, न नेल्यास जकात भरण्याची हमी; ती त्या देशाच्या तिजोरीसाठी. रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर तिचा उपयोग शून्य. हमी निराळी, विमा निराळा.

आपली पॉलिसी मुळात भारताच्या हद्दीपुरती. जादा हप्ता भरून तिची व्याप्ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि कागदावर पाकिस्तानपर्यंतही वाढवता येते. गाडीचा जहाज-विमानातला प्रवास त्यात धरलेला नाही. त्यापुढचा विमा त्या त्या देशाचा, बहुधा सरहद्दीवरच घ्यायचा. युरोपने यावर १९४९ साली ग्रीन कार्डाची तोड काढली. परदेशी गाडीने केलेल्या नुकसानीची भरपाई तिथल्या ब्यूरोने द्यायची आणि हिशेब आपसात मिटवायचा. बँकांचे क्लिअरिंगच म्हणा ना! तुर्कस्तान, इराण, मोरोक्कोही त्यात आहेत, भारत नाही.

पण प्रश्न नुसत्या कागदाचा नाही. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा स्वाराचा नव्हे, तिऱ्हाइताचा आहे. कसलाही स्वस्त कागद दाखवून चौकीवरून सुटता येईलही. पण परक्या गावातल्या ज्या म्हाताऱ्याचा पाय आपल्या चाकाखाली मोडला, त्याने आपण मायदेशी परतल्यावर दाद कुणाकडे मागायची? पाहुण्याच्या हातून यजमानाचे नुकसान झाले तर ते भरून द्यावे, ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी व्याप्तीवाढीची नोंद विमा कंपनीकडून लेखी घ्यावी, देशांची नावे आणि तारखा स्वतः वाचाव्यात, आणि पुढच्या प्रत्येक सरहद्दीवर विम्यासाठी थोडा वेळ, थोडे पैसे राखून ठेवावेत. हौसेला मोल नसते म्हणतात. तिऱ्हाइताच्या हाडांना असते.