फिश टँकचे साहित्य : स्थानिक दुकान, ऑनलाइन बाजार आणि मधली राज्यसीमा

मनीमाजरा (चंदीगड) : जानेवारीच्या रात्री चंदीगडचा पारा अनेकदा पाच अंशांच्या आसपास उतरतो. घरातील टाकीत पाळले जाणारे बहुतेक उष्ण कटिबंधीय मासे मात्र २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यातच निरोगी राहतात. अशा रात्री टाकीतील हीटर बंद पडला, तर ऑनलाइन मागवलेला स्वस्त हीटर घरी पोहोचेपर्यंत मासे तग धरतीलच, याची खात्री नसते. जवळच्या दुकानातील शंभर-दोनशे रुपयांनी महाग हीटर त्या वेळी स्वस्तच ठरतो. वर्षभर ऑनलाइन खरेदी करणारा ग्राहकही अशा प्रसंगी स्थानिक दुकानाच्या पायऱ्या चढतो. पण उरलेल्या वर्षात ग्राहक फिरकलाच नाही, तर ते दुकान त्या रात्रीसाठी कसे टिकावे, हा या व्यवहारातील खरा प्रश्न आहे.

फिल्टर, एअर पंप, दिवे, खाद्य, औषधे आणि पाण्याच्या चाचणीचे संच अशा साहित्याची विक्री देशभर झपाट्याने ऑनलाइन मंचांकडे वळली आहे. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट असो, कोलकात्याची गॅलिफ स्ट्रीट असो किंवा चेन्नईतील कोळत्तूर असो, शोभिवंत माशांच्या जुन्या बाजारपेठांपुढे हेच आव्हान आहे. मनीमाजऱ्यासारख्या ठिकाणी त्याला आणखी एक पदर आहे, तो राज्यांच्या सीमेचा.

ऑनलाइन खरेदीचे फायदे खरे आहेत. एकाच फिल्टरच्या दहा नमुन्यांची तुलना करता येते, ग्राहकांचे अभिप्राय वाचता येतात आणि लहान गावातही जलवनस्पतींसाठी लागणारे विशेष दिवे किंवा नायट्रेट मोजण्याचे संच मिळतात. स्थानिक दुकानदाराला इतका विविध माल भांडवलाअभावी ठेवता येत नाही. बंद डब्यातील, प्रमाणित आणि नाशवंत नसलेल्या वस्तूंसाठी ऑनलाइन बाजार अनेकदा सरस ठरतो, हे मान्य करावे लागते.

मात्र मत्स्यपालनाचे सगळे साहित्य या वर्गात बसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ही प्रक्रिया ठाऊक नसलेला ग्राहक एकाच दिवशी टाकी, फिल्टर आणि मासे घेतो व आठवडाभरात मासे मेले की औषधांच्या बाटल्या मागवत राहतो. दुकानदार जाणकार असेल, तर तो आधी टाकीचे माप विचारतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. दर लिटरला साधारण एक वॅट हा ढोबळ हिशेब धरला, तर तिला ५० वॅटचा हीटर पुरतो. दोनशे वॅटचा हीटर सवलतीत मिळाला, तरी तो या टाकीसाठी धोक्याचा असतो. त्याचा स्वयंचलित खटका अडकला, तर पाणी फार लवकर तापते.

पाण्याची गोष्टही स्थानिक असते. चंदीगडला भाक्रा कालव्याचे पाणी कजौली जलकेंद्रातून मिळते, त्याच्या जोडीला कूपनलिकांचा वापर होत आला आहे. मनीमाजऱ्यात चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या पथदर्शी प्रकल्पाचे उद्घाटन केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते ४ ऑगस्ट २०२४ रोजी झाले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माणसासाठी संरक्षक असले, तरी माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधील जिवाणूंना ते मारक असते. पाणी कोठून येते, किती जड आहे आणि क्लोरीन काढणारे द्रावण किती घालावे, याचा अनुभव त्याच नळाचे पाणी वापरणाऱ्या दुकानदाराकडे असतो. वस्तूसोबत येणाऱ्या छापील सूचनांत तो मिळत नाही.

या सल्ल्याचे वेगळे शुल्क कोणी घेत नाही. दुकानाचे अर्थकारण तीन गोष्टींवर उभे असते : मासे, साहित्य आणि सल्ला. मासे हा जोखमीचा माल आहे. त्यांना विक्री होईपर्यंत खाद्य, वीज आणि देखभाल लागते, शिवाय काही मासे मरतात. सल्ला विनामूल्य असतो. या दोहोंचा भार साहित्यावरील नफा उचलतो. ग्राहक दुकानात येऊन मासे पाहतो, माहिती घेतो आणि साहित्य मात्र मोबाइलवर मागवतो, तेव्हा दुकानाकडे फक्त तोट्याची बाजू उरते. जिवंत मासेही आता प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत आणि थर्मोकोलच्या खोक्यांत घालून दूरवर पाठवले जातात. कडाक्याच्या थंडीत किंवा मे महिन्याच्या उकाड्यात हा प्रवास लांबला, तर त्याची किंमत त्या जिवाला मोजावी लागते.

यावर उपाय म्हणून स्थानिक दुकानांनीही ऑनलाइन यावे, असे सुचवले जाते. मनीमाजऱ्यातील छोट्या दुकानदारासाठी या सल्ल्याची वाट वस्तू व सेवा कराच्या नियमांपाशी अडते. चंदीगडमध्ये केवळ वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पूर्वी ऑनलाइन मंचावर विक्री करायची, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी बंधनकारक होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट शिथिल झाली आणि लहान विक्रेत्यांना पॅनच्या आधारे नावनोंदणी करून ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली. सवलतीची अट अशी, की विक्री स्वतःच्या राज्याबाहेर किंवा केंद्रशासित प्रदेशाबाहेर होता कामा नये. दीड कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांनाही आंतरराज्य विक्री करता येत नाही.

मोठ्या राज्यातील दुकानदाराला ही अट फारशी जाचत नाही. पुण्यातील विक्रेत्यासमोर नाशिकपासून नागपूरपर्यंतचे ग्राहक खुले असतात. मनीमाजऱ्याच्या वेशीवर मात्र हरियाणाचे पंचकुला सुरू होते आणि थोड्या अंतरावर पंजाबचे मोहाली. ही सीमा किती अलीकडची आहे, याची साक्ष मनसादेवीचे मंदिर देते. मनीमाजऱ्याचे राजा गोपालसिंह यांनी १८११ ते १८१५ या काळात ते उभारले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, हरियाणा राज्य आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले. आज मंदिर पंचकुला जिल्ह्यात आहे आणि मनीमाजरा चंदीगडमध्ये. चंदीगड प्रशासनाने २०२० मध्ये मनीमाजऱ्याला सेक्टर १३ असे नाव दिले. भाविकांना सीमा जाणवत नाही, कर खात्याला जाणवते.

परिणामी पंचकुल्याचा ग्राहक स्वतः दुकानात येऊन फिल्टर घेऊन गेला, तर तो साधा स्थानिक व्यवहार ठरतो. तोच फिल्टर दुकानदाराने त्याच्या घरी पोहोचवला, की ती आंतरराज्य विक्री होते आणि नोंदणी, विवरणपत्रे व हिशेबनिसाचा खर्च ओघाने येतो. शेकडो किलोमीटरवरील गोदामातून माल पाठवणाऱ्या नोंदणीकृत मोठ्या विक्रेत्यापुढे हा अडथळा नसतो. छोट्या दुकानांना डिजिटल व्यापाराशी जोडण्यासाठी केंद्राने ओएनडीसी हे खुले जाळे उभारले आहे, पण त्यानेही ही सीमा पुसली जात नाही. हस्तकलेच्या वस्तूंना आंतरराज्य विक्रीत नोंदणीपासून मर्यादित सूट आधीच दिली गेली आहे. म्हणजे अपवाद करणे कायद्याला अशक्य नाही. चंदीगड, पंचकुला आणि मोहाली या सलग नागरी पट्ट्यासाठी तसा विचार व्हायला हवा.

ग्राहकाच्या बाजूने पाहता दोन्ही ठिकाणी हक्क आहेत, त्यांचा वापर मात्र कमी होतो. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार मंचाने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण महिनाभरात करायचे असते. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. दुकानदाराचीही सुटका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारप्रथा ठरते. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे. पाण्यात बुडवून वापरायच्या विद्युत उपकरणांत हे हक्क जिवाशी निगडित असतात. बिलाशिवाय काउंटरवरून घेतलेला हीटर आणि उत्पादकाचा पत्ता नसलेला ऑनलाइन हीटर सारखेच धोकादायक आहेत.

जिवंत माशांबाबत कायदा अधिक अस्पष्ट आहे. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी स्वतंत्र नियम आणले आणि १५८ प्रजातींवर निर्बंध घातले. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांतील प्राण्यांच्या यादीत माशांचा उल्लेख नाही. त्यामुळे मासा कोणी, कसा ठेवावा आणि पाठवावा, हे मुख्यतः विक्रेत्याच्या विवेकावर राहते. मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा टाकीत मावेनासा झाला, की तलावात सोडला जातो. देशातील अनेक नद्या आणि जलाशयांत त्याने स्थानिक माशांपुढे संकट उभे केले आहे. मनीमाजऱ्यापासून सुखना तलाव फार दूर नाही. ‘हा मासा दीड फुटांपर्यंत वाढतो, तुमच्या टाकीसाठी घेऊ नका’ असे विक्रीआधी सांगणारा माणूस म्हणूनच महत्त्वाचा आहे.

ग्राहकाला सारे काही एकाच ठिकाणाहून घेण्याची गरज नाही. चाचणी संच, दिवे आणि दुर्मीळ सुटे भाग ऑनलाइन घेण्यात गैर काही नाही. मासे, हीटर, औषधे आणि रोजचे खाद्य यांसाठी जवळचे दुकान धरून ठेवणे हे भावनेपेक्षा हिशेबाचे आहे. दुकानदारानेही बिल, हमी आणि स्पष्ट दर देऊन हा विश्वास कमवायला हवा. आणि शासनाने निदान इतके करावे, की एका किलोमीटरवरच्या घरी फिल्टर पोहोचवणाऱ्या छोट्या दुकानदाराला आंतरराज्य व्यापाऱ्याचे कागद भरावे लागणार नाहीत.