सायकलीचा रंग

वाचकहो, धर्मगुरूपुढे लोक कोणता प्रश्न घेऊन येतील याचा नेम नाही. इंदूरच्या विजय नगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबास आम्ही गेल्या हिवाळ्यात भेट दिली, तेव्हा घरातील एक वाद निवाड्यासाठी आमच्यापुढे मांडण्यात आला. वाद मालमत्तेचा नव्हता, सोयरिकीचाही नव्हता. आठवीत शिकणाऱ्या कन्येसाठी नवी सायकल घ्यावयाची होती आणि तिचा रंग काही केल्या ठरत नव्हता.

वडिलांचा कल काळ्याकडे. काळा रंग मळखाऊ. शिवाय दोन वर्षांनी तीच सायकल धाकट्या मुलास देता येईल. आईचा कल गुलाबीकडे. एकदा तरी मुलीला खास तिच्यासाठी म्हणून घेतलेली वस्तू मिळावी, असे तिचे म्हणणे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. आजोबा कोपऱ्यातील खुर्चीवर बसून होते. ते काहीच बोलले नाहीत.

खरे सांगावयाचे तर आमचा उपदेश ओठांवर तयार होता. रंग म्हणजे वरचा लेप. आतील लोखंड भक्कम असले म्हणजे झाले, असे आम्ही सांगणार होतो. बाहेरून चुना फासलेल्या कबरांविषयी प्रभूने काढलेल्या उद्गारांचा दाखलाही मनात आला होता. परंतु तत्पूर्वी सहज आम्ही मुलीस विचारले, "बाळ, तुला कोणता रंग हवा?"

"पिवळा, फादर."

"तो का?"

आजोबांकडे एकवार पाहून ती हळूच म्हणाली, "आजोबांची काळी होती ना."

घरात शांतता पसरली. आजोबा अनेक वर्षे पहाटे सायकलीवरून वर्तमानपत्रे वाटीत. सोनिपतचा अ‍ॅटलसचा कारखाना १९५१ साली निघाला, लुधियानाच्या हिरोची सुरुवात १९५६ साली झाली. त्या पिढीची सायकल म्हटली की बहुधा काळीच. धुक्याच्या एका पहाटे मागून आलेल्या मोटारीच्या चालकास ती काळी सायकल दिसलीच नाही. तेव्हापासून आजोबा काठी टेकीत चालतात. नातीची शिकवणी दिवेलागणीस सुटते, आणि त्या वेळी विजय नगरच्या रस्त्यांवर वाहनांची किती गर्दी असते, हे इंदूरकरांस सांगावयास नको. वडीलधारी मंडळी मळाचा आणि मुलगा-मुलगीचा विचार करीत होती. तेरा वर्षांची पोर मात्र मागून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा विचार करीत होती.

आम्ही मनातल्या मनात वरमलो. रंगाला वरचा लेप म्हणणारे आम्ही स्वतः वेदीपाशी जाताना रंग पाहूनच वस्त्र परिधान करतो. आगमनकाळी व प्रायश्चित्तकाळी जांभळे, नाताळ व पुनरुत्थानाच्या सणास पांढरे, रक्तसाक्षींच्या दिवशी तांबडे, सामान्य काळात हिरवे. पोप पाचवे पायस यांच्या १५७० सालच्या मिस्साग्रंथात हा नियम पक्का झाला. मंदिराच्या अगदी शेवटच्या बाकावर बसलेल्या, ऐकू न येणाऱ्या म्हातारीसही आजचा दिवस कोणता हे त्या रंगावरून कळते. रंग दूरच्या माणसाशी बोलतो. रस्त्यावरही त्याचे काम तेच.

अमेरिकेत १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात परिषद भरली आणि शाळेच्या बसगाड्यांसाठी पिवळा रंग ठरविण्यात आला, तोही अशाच विचाराने: पहाटेच्या अपुऱ्या उजेडात तो चटकन डोळ्यांत भरतो आणि त्यावरील काळी अक्षरे वाचता येतात. आपल्याकडील शाळेच्या गाड्याही पिवळ्याच असतात.

मात्र एवढ्याने भागत नाही. पूर्ण अंधारात पिवळा काय नि काळा काय, सारखेच. तेथे मागे तांबडा दिवा हवा, आणि मोटारीचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठविणारे रिफ्लेक्टर मडगार्डवर, पेडलांवर व चाकांच्या आऱ्यांत हवेत. हे आम्ही सांगितले तेव्हा आजोबा प्रथमच बोलले, "दिवा मी बसवीन."

वडिलांनी हिशेब केला. पिवळी सायकल मुलासही चालेल म्हणाले. आईने मुलीच्या पाठीवरून हात फिरविला. दुकानात पिवळी शिल्लक नव्हती, म्हणून आठवडाभर थांबावे लागले.

पुढील रविवारी मिस्सानंतर ती सायकल आशीर्वादासाठी मंदिराच्या अंगणात आली. मागील दिवा आजोबांच्या थरथरत्या हातांनी आवळलेला होता; किंचित तिरका, पण घट्ट. इटलीतील घिसालो येथील पवित्र मरियेस पोप बारावे पायस यांनी १९४९ साली सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तिच्या हाती त्या कन्येस सोपवून आम्ही पवित्र पाणी शिंपडले.

वाचकहो, आपल्या घरी सायकल असेल तर तिचा मागील दिवा आज संध्याकाळी एकवार पेटवून पाहावा. आणि मुलांच्या वस्तूविषयी घरात वाद निघाला, तर निवाड्यासाठी धर्मगुरूकडे येण्यापूर्वी मुलांस विचारावे. आमचा उपदेश त्या दिवशी ओठांवरच राहिला, याबद्दल आम्ही प्रभूचे आभार मानतो.