बाटली कपाटात नको, मुलांच्या हातात हवी



गेल्या वर्षी एका रविवारी बसून मी सहा सेन्सरी बाटल्या बनवल्या. चमकी, मणी, रंगीत पाणी. भेटीला आलेल्या साहेबांना दाखवल्या, फोटो काढले आणि खराब होऊ नयेत म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन दिवसांनी पहिलीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, एकदाच हलवू का ती बाटली?" खरं सांगते, मला लाज वाटली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. या बाटल्या आपण बनवून दाखवायच्या नाहीत, मुलांकडून बनवून घ्यायच्या.

यंदा मुलांनी घरून रिकाम्या बाटल्या आणल्या. एका बाटलीत अर्धं पाणी, अर्धं गोडंतेल आणि खाण्याचा रंग घातला. रंग पाण्यात विरघळला, तेल तसंच राहिलं. बाटली उलटी केली तरी तेल परत वर! "बाई, तेल हलकं असतं का?" हा प्रश्न मी विचारला नव्हता, त्यांनी विचारला.

दुसऱ्या जोडीत एकीकडे साधं पाणी आणि चमकी, दुसरीकडे पाण्यात पारदर्शक गोंद आणि चमकी. गोंदाच्या पाण्यात चमकी सावकाश खाली बसते. ती बसेपर्यंत मुलं आकडे मोजतात. गणित आपोआप होतं.

तिसरा प्रकार कोरडा. तांदूळ, हरभरे, वाळू प्रत्येकी दोन बाटल्यांत भरायची, बाहेरून कागद चिकटवायचा आणि आवाजावरून जोड्या लावायच्या. कमी दिसणारं मूलही इथे बरोबरीनं खेळतं.

काहीजण म्हणतात, रडणाऱ्या मुलाला बाटली दिली की ते गप्प बसतं. बसतं ना! पण नुसतं गप्प करायलाच वापरली, तर ती आणि मोबाईल यात फरक काय राहिला? मूल शांत झालं की जवळ बसून "काय झालं रे?" असं विचारायला हवं. ते काम बाटली करणार नाही.

काळजी मात्र घ्याच. झाकण मोठ्या माणसानेच घट्ट चिकटवावं आणि बाटली रोज तपासावी. पाण्यात फुगणारे जेलीचे मणी नकोत, पोटात गेले तर तिथेही फुगतात. गुंजाही नकोत, त्या विषारी असतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षणाची साधनं उभी केली. आपल्याकडे निदान रिकाम्या बाटल्या तरी आहेत.

माझ्या वर्गातली एक बाटली परवा फुटली. फरशीवर तेलच तेल! पुसताना वैताग आला, पण कुलूप काही परत लावलं नाही.