दहाव्या वर्षी थांबले असते तर

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1991 साली संशोधकांनी जमिनीत 10 सेंटिमीटर खोल विजेच्या तारा पुरल्या आणि मातीचे काही तुकडे आसपासच्या मातीपेक्षा कायम 5 अंश सेल्सियस गरम ठेवले. शेजारच्या काही तुकड्यांत तारा पुरल्या, पण वीज सोडली नाही. खणल्यामुळे काय झालं आणि उष्णतेमुळे काय, हे वेगळं कळावं म्हणून.

जंगलातला कार्बन म्हटला की आपल्याला खोडं आणि फांद्या आठवतात. त्याचा मोठा साठा पायाखाली असतो. कुजलेली पानं आणि मेलेली मुळं मातीतले सूक्ष्मजीव खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. माती तापली की त्यांचं खाणं वाढतं.

पहिली दहा वर्षं तेच दिसलं. मग तापवलेल्या आणि साध्या मातीतला फरक जवळजवळ मिटला, कारण सहज पचणारं बरंचसं संपलं होतं. तेव्हा प्रयोग गुंडाळला असता, तर माती उष्णतेशी जुळवून घेते, हा सोयीचा निष्कर्ष आज पाठ्यपुस्तकांत असता. पण प्रयोग चालवणाऱ्या जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारा चालू ठेवल्या. 2008च्या सुमारास कार्बन पुन्हा निसटू लागला. मधल्या काळात सूक्ष्मजीवांची वस्तीच बदलली होती. काही वर्षांनी पुन्हा शांतता. 26 वर्षांत वरच्या 60 सेंटिमीटर थरातला सुमारे 17 टक्के कार्बन गेला, असं 2017 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

हे आकडे सह्याद्रीला लावता येणार नाहीत. हार्वर्ड फॉरेस्टमध्ये बर्फ पडतो; इथे जांभ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि मग आठ महिने माती वाळत जाते. म्हणूनच आपली मोजणी आपल्यालाच करावी लागेल. महाराष्ट्राने 2019 साली 33 कोटी रोपं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. रोपं मोजायची आपल्याला सवय आहे. त्यांच्याखालची माती दरवर्षी, त्याच जागी मोजायची सवय नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पातून मातीचं उत्तर मिळत नाही, फार तर तिचा एक टप्पा दिसतो.

राज्यातल्या विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे: एक देवराई आणि तिच्याजवळची एक लागवड निवडा, पंचवीस वर्षांचा निधी आधीच बाजूला काढा, आणि निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांच्या नोंदवह्या पुढच्या माणसाच्या हाती द्या.