परवानगी सोसायटीची, हक्क शेजाऱ्याचा

गेल्या वर्षी रमजानमध्ये दहा दिवसांची रजा काढून मी सिंगापूरला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती तिथे परिचारिका आहे. त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती. सहरी रुग्णालयातच उरकून ती सकाळी आठच्या सुमारास घरी यायची आणि आडवी व्हायची. बरोबर नऊ वाजता वरच्या घरात ड्रिल मशीन सुरू व्हायचे.

काँक्रीटच्या इमारतीत हा आवाज फक्त हवेतून येत नाही. भिंत, स्लॅब, खांब यांतून तो घरभर पसरतो. कानात कापूस घातला तरी पलंग थरथरतोच. रोजा, त्यात रात्रभराचे जागरण. बहिणीचा चेहरा पाहून मी चिडलो. ‘तक्रार कर,’ म्हणालो.

ती म्हणाली, ‘भाईजान, कशाची तक्रार करू? त्यांनी नियम मोडलेलाच नाही.’

ते खरे होते. सिंगापूरमध्ये दहापैकी जवळजवळ आठ माणसे एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. तिथे तोडफोडीचे काम सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळेत करता येते. शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ते बंद. जुन्या इमारतीतले काम महिन्याभरात संपवावे लागते. नियम चांगलाच आहे, पण तो रात्री झोपणाऱ्यांचा विचार करून केलेला आहे. दिवसा झोपणारी परिचारिका त्यात बसत नाही.

मग तिने काय केले? संध्याकाळी इफ्तारनंतर वरच्या घराच्या मालकांना भेटली. आपली पाळी सांगितली आणि एवढेच विचारले, ‘फरशी फोडण्याचे काम अजून किती दिवस आहे?’ दोन दिवस, असे उत्तर मिळाले. ठेकेदाराशी बोलून मालकांनी सकाळी मोजमाप आणि वायरिंग घेतले, फोडाफोडी दुपारी एकनंतर ठेवली. आवाज कमी झाला नाही. पण तो केव्हा होणार हे आधी कळले आणि बहिणीला चार तासांची सलग झोप मिळाली.

त्या रात्री मला पुण्यातले आमचे घर आठवले. तीन वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नव्याने करून घेतले. सोसायटीला अर्ज दिला, परवानगी घेतली, डिपॉझिट भरले. खालच्या मजल्यावरचे काका नुकतेच हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आले होते. आम्हाला ते ठाऊक नव्हते, आम्ही विचारलेच नव्हते. चौथ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. ‘दोन दिवस आधी सांगितले असते तर ह्यांना मुलीकडे नेले असते,’ एवढेच म्हणाल्या. मी सोसायटीच्या परवानगीचे कारण पुढे केले. त्याची आज लाज वाटते.

शेजाऱ्याच्या हक्काबाबत हजरत जिब्रील (अ.) यांनी इतक्यांदा ताकीद दिली की, शेजाऱ्याला आता वारसाहक्कातही वाटा मिळणार की काय असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना वाटले, हे आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. हा शेजारी कोणत्या धर्माचा, अशी अट त्यात नाही. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, हे सोसायटीच्या कागदावर सही झाली म्हणून फिटत नाहीत.

ईद जवळ आली की आपल्याकडे रंगकाम, फर्निचर, किरकोळ दुरुस्ती निघतेच. घर नीटनेटके करावे, त्यात गैर काही नाही. पण मिस्त्रीला चावी देण्याआधी वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर एकदा टकटक करा. काम किती दिवस चालेल, जास्त आवाज कोणत्या दिवशी होईल ते सांगा, आपला फोन नंबर द्या. आणि घरात कोणी आजारी, तान्हे बाळ, परीक्षेचा मुलगा किंवा रात्रपाळीचे माणूस आहे का, हे विचारा.

ईदच्या दिवशी शिरखुर्मा घेऊन आपण त्याच दारांवर जाणार आहोत. यंदा दोन आठवडे आधीही एक फेरी होऊ द्या.