मुशीपूर्वीची नोंद

रायगडाच्या उत्खननात २०२१ साली सोन्याची एक बांगडी मिळाली, आणि ती रीतसर खोदकामात मिळाल्यामुळेच गडाच्या इतिहासात तिला जागा लाभली. सातारा-सांगलीकडे मात्र अजिंक्यताऱ्याच्या उतारावर गुरे राखणाऱ्याला किंवा कृष्णाकाठच्या मळीत नांगर धरणाऱ्याला एखादे जुने जोडवे, कमरपट्ट्याचा फासा वा काशाची गुंडी गवसली, तर त्या वस्तूचा प्रवास बहुधा सराफाच्या तराजूवरून थेट मुशीत संपतो.

असे जोडवे हाती घेऊन निरखावे. वरची नक्षी अजून ठसठशीत असते, पण तळव्याकडचा वेढा अनवाणी चालण्याने झिजून तारेइतका बारीक झालेला असतो. जिचे नाव कोणत्याही सनदेत वा महजरात आले नाही, अशा स्त्रीने तुडविलेल्या वाटांची तेवढीच साक्ष उरलेली असते, आणि तीही ते कोणत्या शेतात, किती खोल, कशाच्या शेजारी सापडले हे कळले तरच बोलकी होते.

१८७८ चा निखात निधी अधिनियम दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, स्थळ व दिवस जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविण्यास फर्मावतो, कसूर करणारास एक वर्षापर्यंत कैद सांगतो. परंतु सरकारने वस्तू संपादन केल्यास मोबदला धरतो तो धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढाच. इतिहासाचे मोल या हिशेबात कोठेच नाही. इंग्लंडात हौशी शोधकांना सापडलेल्या बकलांची, गुंड्यांची स्थळासह नोंद १९९७ पासून होते. त्या दफ्तरात पंधरा लाखांहून अधिक वस्तू रुजू झाल्या आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य सोन्यारुप्याच्या नाहीत. तिकडच्याप्रमाणे आपल्या गडांवर धातुशोधक यंत्रे फिरावीत असे माझे म्हणणे मुळीच नाही. संरक्षित गडावर परवान्यावाचून कुदळ मारणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. माझे मागणे नोंदीपुरते आहे.

ती नोंद ज्यांच्या हातून व्हावी असे लोक तर आपल्याच मुलखातले आहेत. विटा, आटपाडी, तासगाव या बाजूचे गलाई बांधव पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफपेठांत सोने-चांदी गाळीत आले. मोडीत निघालेल्या जिनसाला मुशीपूर्वीचा शेवटचा हात त्यांचा लागतो. मातीतून निघालेला जिन्नस समोर आला, की त्यांनी तो बाजूला ठेवून गाव व गट क्रमांक विचारावा आणि तहसील कचेरीत वर्दी द्यावी. शासनानेही मोबदला धातूच्या वजनावर न ठरविता वस्तूच्या मोलावर ठरवावा, म्हणजे शेतकऱ्याला खरे सांगताना नुकसानीची धास्ती वाटणार नाही.